पाठीची जबानी

पत्त्याच्या पानाएवढं रुंद आणि त्याहून थोडं उंच असं पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्यावर तपकिरी छटेचा फोटो चिकटवलेला. खुर्चीवर एक माणूस आपल्याकडे पाठ करून बसला आहे. कमरेच्या वर अंगावर कपडा नाही. चेहरा बाजूला वळवलेला, दाढी राखलेली, एक हात कमरेवर. कुठल्याही फोटो स्टुडिओत लोक बसतात तसा तो बसला आहे, जरा रुबाबातच म्हणा ना. आणि त्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत जाडजूड व्रणांचं जाळं आहे. एकावर एक चढलेले, एकमेकांना छेदणारे, झाडाच्या मुळ्यांसारखे वर उठून आलेले व्रण.

हा फोटो एप्रिल १८६३ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज या गावी काढला गेला. मॅकफर्सन आणि ऑलिव्हर या फोटोग्राफर जोडीने तो काढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध तेव्हा ऐन मध्यावर होतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं एका बाजूला आणि संघराज्याचं, म्हणजे उत्तरेचं, सैन्य दुसऱ्या बाजूला. बॅटन रूज उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात होतं, आणि आजूबाजूच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम जीव मुठीत धरून त्या छावणीकडे येत होते. फोटोतला माणूस त्यांच्यापैकीच एक.

त्याचं नाव पीटर. काही कार्डांच्या मागे त्याचे शब्द छापलेले सापडतात. त्यांचा मराठीत अर्थ असा: मुकादम आर्तायू कॅरिअर याने मला फटके मारले, त्या माराने मी दोन महिने अंथरुणात होतो, मारून झाल्यावर मालक आला आणि त्याने मुकादमाला कामावरून काढलं. त्याखाली छापणाऱ्याची टीप आहे की हे बिचाऱ्या पीटरचेच शब्द, फोटोला बसला असताना टिपून घेतलेले.

मालकाचं नाव जॉन लायन्स. अटचाफलाया नदीकाठी त्याचा सुमारे ३,००० एकरांचा कापसाचा मळा होता, आणि १८६० च्या खानेसुमारीप्रमाणे चाळीसेक माणसं त्याच्या मालकीची होती. 'मालकीची माणसं' हे शब्द लिहिताना बोट अडखळतं, पण खानेसुमारीत ती तशीच मोजली जात. नावं नाहीत, फक्त वय, लिंग आणि रंग. त्या वर्षी साऱ्या अमेरिकेत अशी सुमारे ४० लाख माणसं होती.

आता पहिला प्रश्न. गुलामांना मारहाण होते हे १८६३ साली कुणाला माहीत नव्हतं का? मग फोटोची एवढी गरज का पडली?

माहीत होतं, पण मानायचं की नाही हा वाद होता. दक्षिणेकडचे मळेवाले वर्षानुवर्षं सांगत आले होते की आम्ही गुलामांना घरच्या पोरांसारखं सांभाळतो, क्वचित कुणी हात उचलत असेल तर तो अपवाद. पळून आलेले लोक सभांमधून आपली हकिकत सांगत, पुस्तकं लिहीत. ती वाचून लोक म्हणत, वाढवून सांगतायत. आणि जिथे खरंखोटं ठरतं त्या कोर्टात तर दारच बंद होतं. गुलामगिरीच्या राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. तोंड होतं, जीभ होती, पण त्याच्या जबानीला कायद्यात किंमत शून्य.

म्हणून गुलामगिरीविरोधी मंडळी असा पुरावा शोधत राहिली, ज्यात काळ्या माणसावर विश्वास ठेवण्याची वेळच येणार नाही. १८३९ साली थिओडोर वेल्ड, त्याची बायको अँजेलिना आणि मेहुणी सारा ग्रिम्के यांनी एक डोकेबाज काम केलं. (या दोघी बहिणी स्वतः चार्ल्सटनच्या गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढलेल्या.) त्यांनी दक्षिणेकडच्या वर्तमानपत्रांचे ढीगच्या ढीग चाळले आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती कापून काढल्या. पळालेला माणूस ओळखू यावा म्हणून मालक स्वतःच छापत की पाठीवर चाबकाचे वळ आहेत, गालावर डागलेली खूण आहे, अमुक बोट तुटलेलं आहे. चोराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाबच तो. वेल्डने जाहिराती जशाच्या तशा पुस्तकात छापल्या.

त्यानंतर आला कॅमेरा. पण गंमत पाहा, या चळवळीत पुरावा म्हणून गाजलेला पहिला फोटो एका गोऱ्या माणसाच्या तळहाताचा होता. जोनाथन वॉकर नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या दर्यावर्दी कप्तानाने १८४४ मध्ये फ्लोरिडातून सात गुलामांना होडीने बहामा बेटांकडे पळवून न्यायचा प्रयत्न केला. तो पकडला गेला आणि शिक्षा म्हणून त्याच्या तळहातावर 'एस एस' ही अक्षरं तापल्या लोखंडाने डागण्यात आली. अर्थ होता 'स्लेव्ह स्टीलर', म्हणजे गुलामचोर. १८४५ मध्ये बॉस्टनच्या साउथवर्थ आणि हॉज यांच्या स्टुडिओत त्या हाताचा फोटो निघाला. हजारो काळ्या अंगांवर तसे डाग होते, पण कॅमेऱ्यासमोर आधी आला तो गोरा हात.

पीटरच्या पाठीकडे परत येऊ, कारण या पाठीचं वाचन दोन उलट्या तऱ्हांनी होत होतं, आणि ते समजल्याशिवाय फोटोचं काम समजत नाही.

आपल्याकडे बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं, पाठीवरून हात फिरवतं, चालवून बघतं. गुलामांच्या बाजारात हेच माणसांचं होई. न्यू ऑर्लिन्स हा या बाजाराचा सर्वांत मोठा अड्डा. तिथे गिऱ्हाईक माणसाचे कपडे उतरवून पाठ तपासत असे. पाठीवर वळ दिसले की भाव उतरायचा. कारण मळेवाल्यांच्या हिशेबी वळ म्हणजे मालकाचं क्रौर्य नव्हे, तर मालाचा दोष. हा उर्मट असणार, पळपुटा असणार, उगाच का मार खाल्ला असेल! जखम मार खाणाऱ्याच्या नावावर जमा होत होती.

हे ध्यानात ठेवलं की लुइझियानातल्या लष्करी डॉक्टरांची पत्रं वेगळीच दिसू लागतात. पळून आलेल्यांपैकी जे सैन्यात भरती होऊ पाहत, त्यांची वैद्यकीय तपासणी होई. मॅसॅच्युसेट्सच्या ३० व्या रेजिमेंटचे डॉक्टर सॅम्युएल टाउल यांनी एप्रिल १८६३ मध्ये हा फोटो मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवला. सोबत लिहिलं की याहून वाईट शिक्षा सनसनाटी लिहिणाऱ्यांनीही क्वचितच रंगवली असेल. आणि पुढे आवर्जून एक वाक्य घातलं, या माणसाच्या वागण्याबोलण्यात दुष्टपणाची काही खूण नाही, उलट तो हुशार आणि नीट वागणारा वाटतो. आज आपल्याला हे वाक्य खटकतं. दुष्ट असता तर ही पाठ चालली असती का? पण टाउल यांना बाजारातलं ते जुनं वाचन आधी खोडायचं होतं. दुसरे एक डॉक्टर, ४७ व्या रेजिमेंटचे जे. डब्ल्यू. मर्सर, यांनी लिहिलं की मी तपासलेल्या ४०० जणांपैकी पुष्कळांच्या पाठी या फोटोतल्या पाठीइतक्याच फाटलेल्या होत्या.

अशा पळून आलेल्यांना उत्तरेच्या सैन्यात 'काँट्राबँड' म्हणत, म्हणजे शत्रूचा जप्त केलेला माल. १८६१ साली जनरल बटलर यांनी काढलेली ही कायदेशीर पळवाट होती. गुलाम ही मालमत्ता असं दक्षिणवाले म्हणतात ना, मग युद्धात शत्रूची मालमत्ता जप्त करायचा आम्हाला हक्क आहे! माणूस वाचला, पण सोडवणाऱ्याच्या कागदावरही मालच राहिला.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण हा फोटो दहा वर्षं आधी निघाला असता तर त्याचं काहीच झालं नसतं.

सुरुवातीचे फोटो, ज्यांना डॅगेरोटाइप म्हणत, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत. दिसायला अप्रतिम, पण एकुलते एक. त्यांची प्रत काढायची तर फोटोचाच फोटो घ्यावा लागे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने ओल्या काचेची पद्धत आणली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधाऱ्या खोलीत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांचा सगळा खेळ. काच वाळली की संपलं. लुइझियानाच्या उकाड्यात हे करणं सोपं नसणार. पण एकदा काचेची निगेटिव्ह हाती आली की तिच्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत. त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. जुन्या फोटोंना ती तपकिरी-पिवळट झाक असते ना, त्यात या अंड्यांचाही वाटा आहे.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी याने त्यावर कडी केली. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, कापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे. नाव 'कार्ट द व्हिझिट', म्हणजे भेटकार्ड. १८६० नंतर अमेरिकेत या कार्डांचं वेडच लागलं. युद्धावर निघालेला पोरगा घरच्यांसाठी आपलं कार्ड काढून जाई, घरचे आपलं कार्ड त्याच्या खिशात घालत. दिवाणखान्यात कार्डांचा आल्बम असे आणि त्यात नातेवाइकांच्या शेजारी लिंकन, सेनापती, नट-नट्या बसत. खपच इतका की युद्धाचा खर्च भागवायला सरकारने १८६४ मध्ये फोटोंवर करच बसवला. १८६४ ते १८६६ च्या कार्डांच्या पाठीमागे म्हणूनच छोटं तिकीट चिकटवलेलं दिसतं.

पीटरची पाठ या आल्बमच्या घराघरांत शिरली. टपालाने गेली, पत्रात घालून गेली, हातोहात गेली. 'इंडिपेंडंट' नावाच्या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने लिहिलं की या कार्डाच्या एक लाख प्रती काढून सगळ्या राज्यांत वाटा, कारण गुलामगिरीवरच्या स्टोव बाईंच्या गाजलेल्या कादंबरीलाही जे जमलं नाही ते हे थेट डोळ्यांना सांगतं.

त्या पाठीवरचे व्रण एवढे उठून का दिसतात, त्यालाही कारण आहे. काही जणांच्या अंगात जखम भरताना शरीर गरजेपेक्षा जास्त ऊती तयार करतं. जखमेच्या कडा ओलांडून व्रण वाढतो आणि घट्ट गाठीसारखा वर येतो. याला केलॉइड म्हणतात. अशा पाठीवर बाजूने प्रकाश पडला की प्रत्येक व्रणाला सावली मिळते. तेव्हा फोटोला काही सेकंद हलायचं नसे, त्यामुळे तो अगदी स्थिर बसला आहे. रक्त नाही, ओली जखम नाही, आक्रोश नाही. फटके आधीच्या वर्षी, नाताळाच्या दोन महिने अगोदर बसले होते, म्हणजे फोटोच्या वेळी सगळं भरून आलेलं होतं. माझ्या मते फोटोची ताकद या शांतपणात आहे. चित्रकाराने हाच प्रसंग काढला असता तर चाबूक, मुकादम, आकाशाकडे वर केलेले हात असं सगळं आलं असतं, आणि बघणारा म्हणाला असता, चित्रच ते.

पण वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापण्याचं तंत्र १८८० च्या दशकाआधी नव्हतं. फोटो समोर ठेवून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरत आणि ते छापलं जाई. ४ जुलै १८६३ च्या 'हार्पर्स वीकली'त अशी तीन चित्रं आली. पहिल्यात फाटक्या कपड्यांत छावणीत पोचलेला माणूस, दुसऱ्यात ही पाठ, तिसऱ्यात सैन्याच्या गणवेशात ताठ उभा राहिलेला जवान. मथळा होता 'एक नमुनेदार नीग्रो' अशा अर्थाचा. मजकुरात नाव होतं गॉर्डन, पीटर नाही. गॉर्डनने खिशात कांदे ठेवले होते, प्रत्येक ओढा ओलांडला की तो ते अंगाला चोळे, म्हणजे मागावरच्या शिकारी कुत्र्यांना वास लागू नये, अशी हकिकतही त्यात होती.

इथे वाचकाने जरा सावध व्हावं. मजकूर व्हिन्सेंट कोलियर नावाच्या चित्रकाराचा होता. इतिहासकार डेव्हिड सिल्केनॅट यांनी २०१४ मध्ये कागदपत्रं तपासून असं मांडलं की गॉर्डन आणि पीटर ही दोन वेगळी माणसं होती, आणि साप्ताहिकाने त्यांच्या कहाण्या एकत्र शिवून एक सलग गोष्ट तयार केली. गुलाम, जखमी, सैनिक! पायऱ्या कशा नेटक्या. वाचकाला हवी तशी.

म्हणजे फोटो खोटा ठरतो का? अजिबात नाही. व्रण खरे, डॉक्टरांची पत्रं खरी, बॅटन रूजची तारीख खरी. शिवण दिसते ती भोवतीच्या कथेत. पण एक गोष्ट मला फार खुपते. नाव बदललं, दोन माणसांचा एक झाला, तरी तेव्हाच्या वाचकाला त्याने काही फरक पडला नाही. त्याला पाठ हवी होती, पाठ मिळाली. मथळ्यातच तो 'नमुना' होता, आणि नमुन्याला नाव कशाला लागतं?

तिसऱ्या चित्राचं महत्त्व मात्र त्या आठवड्यात फार होतं. १ जानेवारी १८६३ च्या लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर काळ्या माणसांची सैन्यभरती सुरू झाली होती आणि उत्तरेतल्याच कित्येकांना ती नको होती. अंक निघाल्यावर दहा दिवस होतात न होतात तोच, १३ जुलैला न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल उसळली. जमावाने काळ्या लोकांना गाठून मारलं, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. तेव्हा हे कार्ड फक्त दक्षिणेचं क्रौर्य दाखवायला निघालेलं नव्हतं. लढाई कशासाठी चालली आहे हे ते घरच्या मंडळींना पटवत होतं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले.

कार्ड चालतं म्हटल्यावर पुढची कार्डं निघाली. १८६३ च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सहून आठ मुक्त गुलामांना उत्तरेत आणून फोटो काढले गेले. विक्रीचा पैसा लुइझियानात मुक्त झालेल्यांच्या शाळांना जाणार होता. त्यात सुमारे साठ वर्षांचा विल्सन चिन होता. त्याच्या कपाळावर मालकाची, व्होल्सी मार्मिलियन या ऊस मळेवाल्याची, व्ही बी एम ही आद्याक्षरं डागलेली. जनावरांवर मारतात तशीच मुद्रा. याच मळ्यावरून एका वेळी आलेल्या १०५ जणांपैकी ३० जणांना असं डागलेलं होतं, असं 'हार्पर्स'ने छापलं. न्यूयॉर्कच्या किंबॉल यांच्या स्टुडिओत चिनच्या गळ्यात काट्यांची पट्टी आणि पायात बेड्या घालून फोटो काढला गेला. डाग खरा होता, बेड्या मात्र फोटोपुरत्या घातलेल्या. गुलामगिरीतून सुटलेल्या म्हाताऱ्याला पुरावा म्हणून पुन्हा बेड्या! हेतू कितीही चांगला असो, हे वाचून माझ्या पोटात कालवतं.

त्या आठांतली सर्वांत जास्त खपलेली कार्डं मात्र चिनची नव्हती. ती होती रेबेका, रोझिना, चार्ल्स या गोऱ्यागोमट्या मुलांची. आई गुलाम तर मूल गुलाम हा कायदा, त्यामुळे मालकांपासून झालेली, दिसायला पूर्ण गोरी मुलंही गुलामच. उत्तरेतल्या आयाबाया कार्ड बघून हळहळल्या, कारण पोरं त्यांच्या पोरांसारखी दिसत होती. वॉकरच्या तळहाताचीच ही पुढची आवृत्ती.

या सगळ्याचे धागे आपल्याकडेही येतात. पीटर ज्या कापसात राबला त्याच कापसाच्या निर्यातीला उत्तरेच्या नौदलाने नाकेबंदी केली, आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, प्रेमचंद रायचंद यांच्या जोरावर बॅकबे भरणीचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं धाडकन कोसळलं. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' ही पुस्तिका काढली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण करून. त्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी जो त्याग केला तोच कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या बाबतीत गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. मुंबईच्या सट्टेवाल्यांना त्या युद्धातून कापूस दिसला, फुल्यांना माणूस दिसला.

कॅमेरा मात्र कुणाचाच सगा नसतो. १८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांनी काळी माणसं वेगळ्याच वंशाची आहेत हे दाखवण्यासाठी साउथ कॅरोलायनात रेंटी, डेलिया आणि इतर गुलामांना विवस्त्र उभं करून डॅगेरोटाइप काढवून घेतले होते. उलट सोजर्नर ट्रुथ ही गुलामगिरीतून सुटलेली बाई स्टुडिओत विणकाम हातात घेऊन, चष्मा लावून, पांढरी शाल पांघरून बसे, आणि १८६४ पासून तिच्या कार्डांवर हक्क तिच्याच नावाने छापलेला असे. सावली, म्हणजे फोटो, विकून मी देह चालवते, असं त्यावर लिहिलेलं असे. गुलामगिरीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध बोलणारे-लिहिणारे फ्रेडरिक डग्लस यांनी आयुष्यात सुमारे १६० वेळा फोटो काढून घेतले, बहुतेकांत उंची कोट, करारी नजर, हसू नाही. चेहरा दाखवायचा, पाठ नाही, हा त्या दोघांचा निश्चय दिसतो.

पीटरला तशी निवड मिळाली नाही. पण त्याची जबानी कार्डाच्या मागे छापलेल्या दोन-तीन वाक्यांत संपत नाही. काही प्रतींवर ती लांब आहे, आणि तिच्यात पुढचं येतं. मार खाताना काय झालं ते मला आठवत नाही. दोन महिन्यांनी शुद्ध येऊ लागली तेव्हा मी वेड्यासारखा झालो होतो. मी सगळ्यांवर गोळी झाडायला निघालो होतो, पहिल्यांदा बायकोवर, असं मला लोकांनी सांगितलं. मी कुणावर गोळी झाडली नाही, कुणाला इजा केली नाही. मी माझे सगळे कपडे जाळून टाकले, पण तेही मला आठवत नाही. मी यापूर्वी असा कधीच नव्हतो.